राखणीची भाकरी

सगुणाबाईला वाडीतली माणसं दबून असत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावर गोठणमाळ नावाची गवळी धनगरांची वाडी होती. घरं बोटांवर मोजावीत एवढी, म्हशी मात्र उदंड. ढेब्यांची सून होऊन ती या वाडीत आली तेव्हा पदर कसा सावरायचा हेही तिला धड कळत नव्हतं. पुढे मात्र असं झालं, की नवरा नाथू म्हशींचा धनी आणि सगुणाबाई नाथूची धनीण. तुपाचं गाडगं डोक्यावर घेऊन ती एकटी डोंगर उतरायची, पोलादपूरच्या वाण्याशी हुज्जत घालायची, आणि तो मापात हात मारतोय असा नुसता संशय आला तरी गाडगं उचलून पुढच्या दुकानात जायची. ही बाई तूप विकायला येते की भांडण, असं वाणी म्हणायचा; पण तूप तिच्याकडूनच घ्यायचा.

एखादी गोष्ट तिने एकदा ठरवली की ठरली. मग आभाळ कोसळलं तरी मागे फिरणं नाही. या गुणाचा तिला मोठा अभिमान होता. माणसाला ज्याचा अभिमान असतो तेच एक दिवस त्याला नडतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने त्यालाच चार शब्द सुनावले असते.

तिची दोन मुलं जगली. थोरला मुरारी आणि धाकटी भागू. मधली दोन देवीच्या साथीत गेली. मुरारी बापाच्या वळणावर गेलेला, मवाळ, कमी बोलणारा. एखादं वासरू आजारी पडलं की हा गोठ्यातच अंथरूण टाकायचा. सगुणाबाई त्याला तोंडावर बावळट म्हणायची आणि आतून त्याच्यावर जीव टाकायची. पण जीव टाकते आहे हे सांगायची तिची रीत नव्हती. आपण सांगितलं नाही तरी पोराला कळतच असणार, असं ती धरून चालली होती. बऱ्याच आया तसं धरून चालतात.

मिसरूड फुटायच्या सुमाराला मुरारी मुंबईला गेला आणि एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर पाणी भरायला लागला. साहेबाची कुत्री दुसऱ्या कुणाला दाद देत नसत, ती या धनगराच्या पोराच्या मागे मागे फिरू लागली. साहेबाने त्याच्या हातातली घागर काढली आणि कुत्र्यांची साखळी दिली. तेव्हापासून तेच त्याचं काम. दर शिमग्याला तो घरी यायचा, आईला लुगडं आणायचा आणि लुगड्याच्या रंगावरून आईची बोलणी खायचा. मग दोन शिमगे तो आला नाही. दुसऱ्या शिमग्याला सगुणाबाई पालखीला नमस्कार करायलाही बाहेर पडली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

ज्या साली महाडात तळ्याचं पाणी प्यायलं म्हणून माणसांची डोकी फुटली, त्यानंतर चार-पाच वर्षांनी ही गोष्ट घडली. दिवाळी झाली आणि गोठणमाळावर वाघरू लागलं. वाघरू म्हणजे बिबट्या. त्याला वासरू आवडतं आणि कुत्रं त्याहून आवडतं. ढेब्यांचा म्हातारा कुत्रा त्याने भर संध्याकाळी अंगणातून उचलला, माणसं बघत होती तरी उचलला. घरात भागू बाळंतपणाला आलेली, तिचं तान्हं पोर पाळण्यात, आणि दाराला राखण नाही. सगुणाबाईने नाथूला त्याच दिवशी डोंगराखाली पिटाळलं.

भातं कापून झाली की घाटावरचे मेंढके खाली कोकणात उतरतात. रिकाम्या खाचरात मेंढ्या बसवतात, शेताला खत होतं, मेंढ्यांना चारा मिळतो. त्यांतला येसाजी नावाचा मेंढका नाथूच्या ओळखीचा होता. नाथूने आदल्या साली त्याची लंगडी मेंढरं आपल्या गोठ्यात सांभाळली होती. ते उपकार आठवून त्याने आपल्या कळपावरचा एक जवान कुत्रा नाथूच्या हवाली केला. करडा, दाट केसांचा, उंच, गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा. वाघराने मान धरली तर दात त्या खिळ्यांवर यावेत म्हणून तो पट्टा. आवाज असा, की वाडीच्या टोकाला भुंकला तर खालच्या गावातली कुत्री उत्तर देत. त्याचं नाव करड्याच ठेवलं. डोकं चालवायला कुणाला वेळ नव्हता.

आणि करड्याला येऊन दोन-तीन दिवस होतात न होतात तोच मुरारी आला. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, तसं त्याच्याबरोबर एक कुत्रं होतं. कुत्रं कसलं, रेडकूच. पिवळसर अंगाचं, काळ्या तोंडाचं, आखूड केसांचं, छाती गोठ्याच्या दाराएवढी. जात मास्टिफ, नाव सुलतान. साहेब कायमचा विलायतेला निघाला होता. बोटीवर एवढं धूड न्यायचं कसं, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती ते हाल भोगेल म्हणून त्याने बंदूक काढली होती. मुरारीने त्याचे पाय धरले आणि कुत्रा मागून घेतला. आगबोटीने बाणकोटपर्यंत, तिथून खाडीच्या होडीने महाडला, आणि महाडहून पायी. होडीवाला कुत्र्याला घेईना, त्याच्या हातापाया पडावं लागलं, एवढं मुरारीने सांगितलं. आपल्याविषयी काही सांगितलं नाही. तो फार वाळला होता. सगुणाबाईने ते पाहिलं आणि ती म्हणाली, साहेबाच्या घरचं अन्न सगळं कुत्र्यानेच खाल्लेलं दिसतंय.

आता वाडीची एक जुनी रीत होती. सकाळी तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी माणसाची नसे, राखणदाराची असे. घरची बाई ती आपल्या हाताने कुत्र्यापुढे टाकायची. ती राखणीची भाकरी, आणि एका घरात ती एकाच कुत्र्याला मिळायची. दोन राखणदार ठेवले की एक दुसऱ्याच्या भरवशावर झोपतो आणि वाघरू दोघांच्या मधून वासरू नेतं, असं जुनी माणसं सांगत. शिवाय नाचणी काही आभाळातून पडत नव्हती. नवं कुत्रं आलं की बाई त्याला काही दिवस पारखायची आणि मग एका सकाळी भाकरी टाकायची. ज्याच्यापुढे ती पडली तो घरचा. ज्याच्यापुढे पडली नाही त्याने ऊन डोक्यावर यायच्या आत वाडीची शीव ओलांडायची. यात पुरुषांना बोलायची सोय नव्हती. नाथूला तशी ती कुठेच नव्हती म्हणा.

तेव्हा सगुणाबाईला दोघांतला एक निवडायचा होता. वाडीने तिच्याआधीच निवडला होता. करड्या पाचोळा वाजला तरी भुंकायचा, गोठ्याभोवती फेऱ्या घालायचा, शिळं-पाकं खायचा. सुलतान भुंकतच नसे. बंगल्यात साहेबाने त्याला तसं वळण लावलं होतं. पाहुण्यांवर भुंकलेलं मडमेला खपत नसे. तो नुसता पडवीत मुरारीच्या अंथरुणाशी पडून राहायचा. मुरारी उठला की उठायचा, बसला की बसायचा. गोठ्याकडे त्याने मान वळवून पाहिलं नाही. भुंकणारं कुत्रं चावत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण न भुंकणारं काय करतं हे कुणी पाहिलेलं नव्हतं. खायला काळ आणि भुईला भार, असं म्हणून वाडी हसली.

हसण्याचं सगुणाबाईला काही नव्हतं. तिला लागलं ते मुरारीचं वागणं. त्याने मुंबईहून स्वतःची पत्र्याची थाळी आणि तांब्या आणला होता. तो त्यातच जेवायचा, स्वतः घासायचा आणि कुणाचा हात लागू नये म्हणून पडवीच्या आढ्याला खोचून ठेवायचा. घरात झोपायचा नाही, पडवीच्या अगदी टोकाला झोपायचा. आई जवळ जाऊन बसली की हा काहीतरी निमित्त काढून उठायचा. खोकला यायचा तेव्हा मागच्या बाजूला जायचा. कोळशाच्या धुरात राहून घसा धरलाय, म्हणायचा. एके दिवशी भागूने तान्ह्याला त्याच्यापुढे धरलं. पहिला भाचा, मामाने घ्यावा म्हणून कौतुकाने धरलं. मुरारीने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि लांबूनच हसला.

त्या हसण्याने सगुणाबाईच्या काळजाला घरं पडली. मुंबईचं वारं लागलं, तिने मनाशी म्हटलं. आईच्या ताटाची याला किळस येते. बहिणीचं पोर हातात घ्यायला याला घाण वाटते. आणि त्या कुत्र्याला मात्र मांडीवर डोकं ठेवू देतो.

तिने हे एकदा तरी विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही. जी बाई वाण्याला मापावरून दहा प्रश्न विचारायची, तिला पोटच्या पोराला एक प्रश्न विचारता आला नाही. मान आड आला.

मुरारी मात्र एकदा बोलला. ती चुलीपुढे होती आणि तो उंबऱ्याच्या बाहेर, नेहमीसारखा अंतर राखून.

"आये, ह्याला ठेव," तो म्हणाला. "मी नसलो तरी ठेव."

"नसलो तरी म्हंजे? परत मुंबईला जायाचा इचार हाय तुजा?"

त्याने सुलतानच्या डोक्यावर हात ठेवला.

"मंग आमच्या गल्यात कशाला बांधतोस रे? गोरा सायब गेला, त्याचा रेडा आमच्या दावणीला का?"

"त्याला दुसरं कोन नाय, आये."

आम्हाला तरी कोण आहे, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढं ती बोलली असती तर कदाचित सगळंच निराळं झालं असतं. पण तिने फुंकणी उचलली आणि चूल फुंकत बसली.

दोन दिवसांनी वाघरू पुन्हा आलं. दिवेलागणीला अजून अवकाश होता, म्हशी नुकत्याच आत येत होत्या. करड्याने आरडाओरडा करून वाडी गोळा केली आणि सरळ अंगावर गेला. नाथू आणि बाकीचे पुरुष काठ्या, कोयते, चुलीतली जळती लाकडं घेऊन धावले. वासरू वाचलं. करड्याचा एक कान फाटला, पण खिळ्यांच्या पट्ट्याने मान वाचवली. तो रक्ताळलेला कान घेऊन अंगणभर शेपटी हलवत फिरला तेव्हा बायकांनी त्याला हळद लावली.

सुलतान कुठे होता? तो पडवीच्या मागच्या बाजूला, चारही पाय रोवून उभा होता. जागचा हलला नाही, भुंकला नाही. आणि धावलेल्या पुरुषांत मुरारीही नव्हता. नाथूने विचारलं तेव्हा तो भिंतीला टेकून म्हणाला, चक्कर आली. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर सगुणाबाईला बरं वाटलं असतं, तिला भांडता तरी आलं असतं. सगळे नुसते एकमेकांकडे बघून घरी गेले आणि तिची मान आयुष्यात पहिल्यांदा खाली गेली. बावळट असता तर चाललं असतं. माझा लेक भित्रा निघाला, कुत्र्याच्या आड लपला, असं तिने धरलं.

सकाळी ती मागे गेली तर पडवीच्या कडेच्या जमिनीवर चुलीतली राख पसरलेली दिसली. कुत्र्याने घाण केली असणार आणि याने ती झाकली, असं तिने मानलं आणि जास्तच चिडली. राखेखाली काय आहे ते पायाने उकरून पाहायला एवढासा वेळ लागला असता.

ती तशीच चुलीपुढे बसली, नाचणीची भाकरी थापली, भाजली आणि तव्यावरून उतरवून अंगणात आली. करड्या फाटक्या कानाने दाराशी उभा होता. सुलतान मुरारीच्या पायाशी बसला होता. भाकरीचा वास आला तरी त्याची नजर मुरारीच्या तोंडावर. सगुणाबाईने मुरारीकडे पाहिलं नाही. तिने भाकरी करड्यापुढे टाकली.

पाळण्याला दोरी देणाऱ्या भागूचा हात थांबला. नाथूने खाली पाहिलं. मुरारी म्हणाला, "बरं केलंस, आये. गोठ्याला तोच बरा हाय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिने त्याला थांबवलं असतं, कारण रागाशी कसं वागायचं ते तिला येत होतं.

त्याने थाळी आणि तांब्या आढ्यातून काढला, घोंगडं गुंडाळलं. नाथूने म्हटलं, कुत्र्याला खाली कुणाच्या तरी पदरात टाकून परत ये. मुरारी म्हणाला, महाडला बघतो कोण घेतं का ते. मग तो आईपुढे आला आणि वाकला. पण पायांना हात लावला नाही. तिच्या पायांपासून हातभर अलीकडे जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि उठला.

तेवढं निमित्त तिला पुरलं. पायांचीही किळस. ती म्हणाली, "जा. घरापरीस कुत्रं जवळचं हाय तुला, तर जा त्याच्यासंगं."

मुरारी गेला. उतारावर तो सारखा थांबत होता आणि तो थांबला की कुत्राही थांबत होता. भागू म्हणाली, आये, हाक मार गो त्याला. सगुणाबाई म्हणाली, येतो चार दिसांनी, जातो कुठं. आणि ती म्हशींकडे वळली. ठरलं म्हणजे ठरलं.

चार दिवस गेले, पंधरवडा गेला. ती तूप घेऊन पोलादपूरला उतरायची तेव्हा महाडकडून येणाऱ्या गाड्यांकडे बघत उभी राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, उन्हं कमी व्हायची वाट बघतेय. आता आला तर काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं. आधी लुगडं का आणलं नाहीस म्हणून रागवायचं, आणि मग त्या रेडक्याला गोठ्यामागे बांध म्हणायचं. रीत गेली चुलीत. वाडीला काय बोलायचं ते बोलू दे. हे तिने इतक्या वेळा मनाशी घोकलं होतं, की ते जणू घडूनच गेलंय असं तिला वाटायला लागलं होतं.

मग एका सकाळी दत्ताराम डोंगर चढून आला. तो खालच्या गावचा, पोलादपूर-महाड बैलगाडी हाकायचा. तो पाणी प्यायला नाही, बसला नाही. उभ्यानेच त्याने नाथूला सांगितलं, की मुरारी महाडच्या बंदरावर वारला, वखारीच्या पडवीत. कुत्रा कुणाला जवळ येऊ देत नाही. घरचं माणूस लवकर चला, शिपाई बंदूक आणायला गेलेत.

सगुणाबाई रडली नाही. तिने भागूला म्हशींच्या धारांचं सांगितलं, चुलीवरचं दूध खाली उतरवलं आणि नाथूच्या पुढे चालू लागली. महाडपर्यंत दत्तारामच्या गाडीत ती पुढच्या वाटेकडे बघत ताठ बसली. नाथू मात्र वाटभर हुंदके देत होता, आणि तिला त्याचा हेवा वाटत होता.

सावित्रीच्या बंदरावर माणसं जमली होती, पण लांबून. वखारीच्या पडवीत घोंगडं पांघरून मुरारी निजला होता आणि त्याच्यापुढे सुलतान उभा होता. त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. पुढे कुणीतरी फेकलेले दगड पडले होते. वखारीचा राखणदार हैबती म्हणून एक म्हातारा होता, तो पुढे आला आणि तुम्ही त्याच्या घरची का म्हणाला.

मग तो सांगू लागला आणि सगुणाबाई ऐकत उभी राहिली. पोरगा आला तेव्हाच अर्धा झाला होता. होडीवाले त्याला बाणकोटपर्यंत न्यायला तयार होते, पण कुत्र्याला घेईनात, म्हणून तो राहिला. कुत्र्याला घेईल असं कुणी भेटतं का म्हणून बंदरभर विचारत फिरला. क्षय होता. मुंबईच्या डॉक्टराने मागेच हात टेकले होते.

"तोंडातनं रगत पडायचं, बाय," हैबती म्हणाला. "त्या वख्ताला कुत्रा त्याच्यावर असा उभा राहायचा, की वारा लागू देनार नाय. म्या म्हटलं, घरी जा रे, डोंगर काय लांब नाय. तर म्हनला, घरी बाळंतीण हाय, तान्हं हाय. माझ्या ताटाला कुनाचा हात लागंल. कुत्र्याची सोय लावाय गेलो व्हतो, म्हनला. ती काय झाली नाय."

सगुणाबाईला सगळं एकदम दिसलं. थाळी दिसली, पाठीमागे घेतलेले हात दिसले, हातभर अलीकडचा नमस्कार दिसला, आणि ती राख दिसली. वाघरू आलं त्या संध्याकाळी तो पडवीमागे रक्त ओकत होता आणि हे मुकं जनावर त्याच्यावर उभं राहून त्याची राखण करत होतं. सगळी वाडी वासराकडे धावली होती. तिच्या लेकाकडे फक्त तो कुत्रा होता. तिने दोघांतून राखणदार निवडला तेव्हा कुणाची राखण करायची आहे हेच तिला कळलं नव्हतं. दुःख इतकं होतं, की ते कुठून बाहेर काढावं तेच तिला समजत नव्हतं.

ती पडवीची पायरी चढली तसा सुलतान गुरगुरला. इतक्या दिवसांत तिने त्याचा पहिल्यांदाच ऐकलेला आवाज तो. नाथूने तिचा हात धरला. शिपाई बंदूक घेऊन आला होता, तो म्हणाला, बाई, बाजूला व्हा.

"मारू नको," ती म्हणाली. "तो करतोय ते माजं काम व्हतं."

ती तिथेच पायरीवर बसली. कुत्र्याकडे तिने पाहिलंही नाही. घोंगड्याबाहेर आलेल्या पावलांकडे बघत ती लेकाला हाका मारू लागली, सकाळी उठवावं तशा, हळू आवाजात. मुरारी. ऊठ रे. मुरारी. कितीतरी वेळ ती तेवढंच म्हणत होती. सुलतानचे कान त्या नावाला उभे राहिले. त्याने वळून घोंगड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, पुन्हा घोंगड्याकडे पाहिलं. आणि मग त्याचे मागचे पाय हळूहळू खाली बसले. तो एका अंगाला सरकला. तिने लेकाचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा कुठे ती रडली, आणि मग तिला आवरायला कुणाची छाती झाली नाही.

शिपाई तसा वाईट माणूस नव्हता. पण त्याला वरून हुकूम होता. बेवारशी कुत्रं बंदरावर ठेवता येणार नाही, त्याने सांगितलं; कुणाचा असेल तर बोला. नाथूने बायकोकडे पाहिलं. घरी करड्या होता, आणि वाडीची रीत नाथूला तिच्याइतकीच ठाऊक होती.

"आमचा हाय," सगुणाबाई म्हणाली. "माज्या घरचा हाय."

सावित्रीच्या काठावर मुरारीला अग्नी दिला. सुलतान तिरडीमागून चालत आला, धग सोसेल तेवढा जवळ गेला आणि पुढच्या पायांवर तोंड ठेवून पडला. माणसं आंघोळी करून पांगली. दत्तारामने गाडी जुंपली. नाथूने कुत्र्याच्या गळ्यात दोर घालून ओढून पाहिलं, पण ते धूड हलायला तयार नव्हतं. उन्हं कलायला लागली होती आणि वर भागू तान्ह्याला घेऊन एकटी होती. नाथू म्हणाला, चल आता, कुत्र्याला न्यायला उद्या येऊ.

सगुणाबाईने मान हलवली. "तुमी जा," ती म्हणाली. "लेकाच्या येळेला म्या घाई केली. आता ह्यो उठल तवाच मी उठंन."

नाथूला तिच्यापुढे कधी बोलता आलं नव्हतं, तसं आताही आलं नाही. तो गाडीत जाऊन बसला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा ती कुत्र्यापासून हातभर अंतरावर वाळूत बसलेली होती.